संशयाचा फायदा

‘आरोपीस संशयाचा फायदा देऊन सोडण्यांत आलें’ हें वाक्य आपण वर्तमानपत्रांत वाचतों, आणि न्यायाधीशानें पदरचें कांहीं दान केलें असा ग्रह करून घेतों. हा ग्रह किती चुकीचा आहे, तें इंग्लंडांतील एका खटल्यावरून कळून येतें.

रेजिनाल्ड वुलमिंग्टन हा डॉर्सेट परगण्यांतील २१ वर्षांचा शेतमजूर. त्याची पत्नी व्हायोलेट त्यास सोडून आईकडे राहावयास गेली होती. १० डिसेंबर १९३४ रोजीं तो नळ्या कापलेली बंदूक कोटाखालीं लपवून तिकडे गेला; गोळी सुटली आणि व्हायोलेट मरण पावली. ती परत न आल्यास आपण आत्महत्या करूं, एवढेंच तिला दाखवावयाचें होतें व बंदूक चुकून उडाली, असें त्याचें म्हणणें.

टाँटन येथील पहिल्या ज्यूरीचें एकमत झालें नाहीं. फेब्रुवारी १९३५ मध्यें ब्रिस्टलला दुसरी ज्यूरी बसली. न्यायमूर्ति स्विफ्ट यांनीं तिला समजाविलें कीं, मृत्यु आरोपीच्या हातून घडला एवढें सिद्ध झालें म्हणजे तो खूनच धरावयाचा. तसें नव्हतें हें आरोपीनें पटवून द्यावें. सर मायकेल फॉस्टर यांच्या १७६२ मधील ग्रंथाचा यास आधार होता. ज्यूरीनें १ तास ९ मिनिटांत त्यास दोषी ठरविलें. फांशीची शिक्षा झाली.

मे १९३५ मध्यें हाउस ऑफ लॉर्ड्सनें ती रद्द केली. व्हायकाउंट सँकी यांनीं निर्णय दिला कीं, वेडाचा बचाव व कायद्यांतील अपवाद सोडल्यास, गुन्हा शाबीत करण्याचा भार सदैव फिर्यादी पक्षावरच असतो. सर्व पुरावा पाहून ज्यूरीच्या मनांत वाजवी संशय उरला तर आरोपी सुटलाच पाहिजे. इंग्रजी फौजदारी कायद्याच्या वस्त्रांतील हा सोन्याचा धागा, असें त्यांनीं म्हटलें. अर्थात् प्रत्येक कल्पनातरंग म्हणजे वाजवी संशय नव्हे. अगदीं दूरच्या शक्यतेनें पुरावा ढासळत नाहीं, हें न्यायमूर्ति डेनिंग यांनीं १९४७ मध्यें स्पष्ट केलें.

वुलमिंग्टन खरें बोलतो, असें लॉर्डांनीं म्हटलें नाहीं. ज्यूरीस योग्य समज मिळती तरीही तिनें त्यास दोषी ठरविलेंच असतें, असें निश्चित म्हणतां येत नाहीं, इतकेंच ते म्हणाले. पुरावा तोच, समजावणींतील एका चुकीनें माणूस फांसापर्यंत पोंचला होता.

भारतांतील १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत ज्यूरीस स्थान उरलें नाहीं. तेव्हां हा नियम आज न्यायाधीशानें स्वतःसच समजवावयाचा असतो. जें फिर्यादी पक्षास सिद्ध करतां आलें नाहीं तें न धरणें, यांत दान कसलें? आम्ही तर त्यास आरोपीचा हक्कच म्हणूं.