कागदावर न मावणारा झोळ

१९३० च्या दशकातील पाश्चात्त्य स्त्रीवेशाची एक ठळक खूण म्हणजे ‘काउल’ गळा. हे नाव मूळचे ख्रिस्ती मठवासीयांच्या टोपीवजा शिरोवस्त्राचे असून, ते डोक्यावरून मागे सारल्यावर मानेभोवती जशा सैल घड्या पडतात, तशाच घड्या या गळ्यात छातीवर झोळासारख्या उतरतात. या झोळाचा आकार कापडाच्या वजनातून आणि धाग्याच्या दिशेतून येत असल्यामुळे, तो सपाट कागदावर उतरवून घरी शिवणाऱ्या स्त्रीच्या हाती देणे ही त्या काळच्या कागदी पॅटर्नच्या धंद्याची अवघड कसोटी होती.

विणलेल्या कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा असतो. या दोन्ही दिशांनी कापड फारसे ताणत नाही, पण ४५ अंशांच्या तिरप्या रेषेत, म्हणजे शिंप्यांच्या भाषेत उरेब धरले, की ते सैलावते आणि अंगालगत ओघळते. उरेब पट्ट्या गळपट्टीसाठी व किनारीसाठी आधीपासून वापरात होत्या. सबंध पोशाख उरेब बेतण्याची कला मात्र मादलेन व्हिऑने (१८७६–१९७५) यांनी सिद्धीस नेली. पॅरिसमध्ये १९१२ साली सुरू झालेले त्यांचे वस्त्रगृह पहिल्या महायुद्धामुळे काही काळ बंद राहून पुन्हा उभे राहिले आणि १९३९ मध्ये कायमचे मिटले. कागदावर रेखाटन करण्याऐवजी त्या सुमारे ८० सेंटिमीटर उंचीच्या लाकडी बाहुलीवर कापड टाकून, ते कुठे ओढले जाते व कुठे सुटते हे पाहत बेत ठरवीत. नकला होऊ नयेत म्हणून प्रत्येक पोशाखाची आरशांसमोर पुढून, बाजूने व मागून छायाचित्रे घेतली जात आणि अस्सलतेची खूण म्हणून लेबलावर व्हिऑने यांच्या अंगठ्याचा ठसा असे.

सामान्य घरांत ही शैली पोहोचली ती पॅटर्नच्या पाकिटांतून. अमेरिकेतील शिंपी एबेनेझर बटरिक यांनी १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली होती. मंदीच्या काळात सिम्प्लिसिटी आणि हॉलिवूड या कंपन्यांची पाकिटे १५ सेंटला मिळत. एका पाकिटात एकच माप असे, आणि अनेक कंपन्यांच्या पातळ कागदावर एकही अक्षर छापलेले नसे: चिमटा कुठे घ्यायचा, चुण्या कुठे घालायच्या, धागा कोणत्या दिशेने ठेवायचा हे केवळ छिद्रांनी दाखवलेले असे, आणि त्या छिद्रांचा अर्थ सोबतच्या सूचनांवरून लावावा लागे.

काउल गळ्याचा पुढचा भाग उलगडून पाहिला, तर त्यात गळ्याची गोलाई कुठेच दिसत नाही. वरची कड बहुधा सरळ असते आणि ती एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंतच्या अंतराहून लांब असते. ही जादा लांबीच पुढे झोळ होते. कडेच्या वर आतली पट्टी अखंड जोडलेली असते, कारण गळा पुढे कलला की आतली बाजू दिसते आणि तेथे शिवण आली तर घडी ताठरते. म्हणूनच या तुकड्यावर सर्वांत मोलाची खूण धाग्याच्या दिशेची असते. ती थोडी जरी चुकली, तरी झोळ एका अंगाला ओढला जातो, आणि मग टिपेने तो सावरता येत नाही. क्रेपसारखे लोळते कापड यासाठी उत्तम, तर कडक सुती कापडावर घड्या फुगून उभ्या राहतात. जाणत्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया खांद्याची उरेब कड लांबू नये म्हणून तीत अरुंद फीत शिवतात आणि कधी झोळाच्या आत शिशाचे लहानसे वजन टाकतात. घेर मात्र लगेच दुमडायचा नसतो: पोशाख किमान एक दिवस टांगून ठेवतात, कापडाला लोंबायचे तेवढे लोंबू देतात, आणि नंतर जमिनीपासून मोजत मोजत खालची कड सारखी करतात.