धबधब्याच्या वर जाऊ नका

'मकेनाज गोल्ड' मी पडद्यावर फार उशिरा पाहिला. त्याआधी मोठ्या मामांनी तो मे महिन्याच्या सुट्टीत, गच्चीवर, अनेकदा ऐकवला होता. मार्शल मकेना सोन्याच्या दरीचा नकाशा जाळून टाकतो, मग कोलोराडो नावाचा दरोडेखोर त्यालाच धरून नेतो, कारण वाट आता फक्त त्याच्या डोक्यात. पहाटे सुळक्याची सावली लांबत लांबत कड्याला टेकते आणि खिंड सापडते. इथे मामा हमखास पाणी प्यायला उठत.

ग्रेगरी पेक आणि ओमर शरीफ यांचा १९६९ सालचा हा चित्रपट अमेरिकेत पडला. आपल्याकडे मात्र त्याला तुफान गर्दी झाली. गडावर पुरलेल्या धनाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना तो परका वाटलाच नसावा.

चित्रपटात आंधळा म्हातारा ॲडम्स सोन्याच्या दरीची हकिकत सांगतो. ती हकिकत चित्रपटाच्या कितीतरी आधीची. टेक्सासच्या जे. फ्रँक डोबी यांनी जुन्याजाणत्यांकडून ऐकून ती १९३९ साली पुस्तकात आणली. १८६४च्या सुमारास ॲडम्स नावाचा गाडीवान काही खाणवाल्यांबरोबर आजच्या न्यू मेक्सिकोतल्या एका दरीत उतरला. ओढ्यात सोनं होतं. तिथल्या अपाचे जमातीचा म्होरक्या नाना याने त्यांना हुसकावलं नाही. अट एकच घातली: धबधब्याच्या वर जाऊ नका. ते गेले. मग कत्तल झाली आणि ॲडम्स जेमतेम वाचला. ती दरी त्याला पुन्हा कधी सापडली नाही.

ही सारी ॲडम्सची बाजू. मला मात्र नानाच आठवत राहतो. मामांच्या गोष्टीत अपाचे नुसते कड्यावरून चाल करून येत. त्यांच्यातल्या कुणाला नाव नसे. दंतकथेत नाना भेटतोच, पण तो इतिहासातलाही आहे. १८८१ साली, सत्तरी उलटलेली, संधिवाताने पाय आखडलेले, अशा अवस्थेत मूठभर साथीदार घेऊन तो सुमारे हजार मैल घोडा फेकत लढला. मागे लागलेल्या अमेरिकन फौजेच्या तो हाती आला नाही. ही दौड कुठल्याही खजिन्याच्या शोधापेक्षा मोठी आहे, आणि तिच्यावर कुणी गच्चीवर रात्र जागवली नाही याचं मला वाईट वाटतं.

१८८६ साली तो शरण आला. त्याला आधी फ्लोरिडाला, मग अलाबामाला नेलं. १८९६ साली ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलमध्ये तो वारला, तेव्हाही सरकारदफ्तरी तो युद्धकैदीच होता.