मल्लाची खरी मिळकत

गोदातीरावरील विष्णुपुरीहून लातूरच्या वाटेने निघालेल्या प्रवाशास माळेगाव लागते. मार्गशीर्षातील खंडोबाच्या यात्रेत तेथे कुस्त्यांचा फड भरतो. फेट्यांची ती गर्दी पाहून वाचकांच्या मनात प्रश्न उभा राहील, की ज्याचे पोट कुस्तीच्या इनामावरच अवलंबून, त्या मल्लाची कारकीर्द मोजावी कशाने? ह्या प्रश्नाचे उत्तर याच मुलखातील हरिश्चंद्र बिराजदार यांच्या चरित्रात सापडते.

त्यांचा जन्म 1950 साली निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड येथे झाला. निजामी राजवट संपून दोनच वर्षे लोटली होती. पैलवानाचा खुराक, वस्ताद आणि नित्य जोड मिळणे आपल्या गावी दुरापास्त. म्हणून ह्या मुलास कोल्हापूरची वाट धरावी लागली. शाहू महाराजांच्या आश्रयाने तेथे मल्लविद्या बहरली होती, आणि 1912 साली खासबागेचे मैदान उभे राहिले होते. गंगावेस तालमीत हरिश्चंद्रांनी अंग घडविले. 1969 साली ते महाराष्ट्र केसरी झाले, पुढे रुस्तम-ए-हिंदही.

तथापि त्यांची खरी कसोटी मातीबाहेर लागली. मातीवरील निकाली कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीस टेकली म्हणजे झाले; गादीवर मात्र घड्याळ आणि गुण यांचेही राज्य. असे असता 1970 साली एडिंबरो येथील राष्ट्रकुल सामन्यांत ह्या वीस वर्षांच्या तरुणाने सुवर्णपदक मिळविले. 1977 साली बेळगावी दिल्लीच्या सतपालांस त्यांनी हरविले, ती कुस्ती जाणते लोक अजून सांगतात.

परंतु इनाम खर्चून जाते, शरीरही थकते. अशा वेळी अनेक मल्ल जुन्या गदांकडे पाहत दिवस कंठतात. बिराजदारांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्तादपद स्वीकारले आणि जे आपणांस परमुलखात शोधावे लागले, ते इतरांच्या मुलांस देऊ केले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली तयार झाला. 2011 साली गुरू निवर्तले. शिष्याची पुढील जबाबदारी काका पवार ह्या लातूरकडच्याच मल्लाने उचलली.

2018 साली गोल्ड कोस्ट येथे राहुलने 57 किलो वजनी गटात राष्ट्रकुल सुवर्णपदक जिंकले. गुरूच्या पदकानंतर 48 वर्षांनी आलेला हा दिवस पाहण्यास गुरू हयात नव्हते. त्यांची उणीव कोणास भासली नसेल? तरीपण व्याजासह फेडलेले ऋण ते हेच, असे आम्हांस वाटते. मल्लाची खरी मिळकत त्याने जिंकलेल्या इनामांत नसून त्याने मागे ठेवलेल्या जोडीत असते.

मात्र एक शल्य उरते. मुदगडचा मुलगा कोल्हापुरास गेला, पाटोद्याचा पुण्यास. आपल्या मातीत मल्ल उपजतात, परंतु घडण्यासाठी त्यांना घर सोडावे लागते. यात्रेत टाळ्या वाजवून घरी परतणाऱ्या आपण सर्वांनी ह्याचा विचार करावयास नको काय?