ट्रेडमार्कची नक्कल झाली, हे कोर्टात सिद्ध कसं करायचं?

तुमच्या ब्रँडशी मिळतंजुळतं नाव घेऊन कुणी इन्स्टाग्रामवर माल विकायला लागलं, तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार पुढच्या गोष्टी दाखवाव्या लागतात.

१) नाव तुमचं आहे
कलम २९ खाली उल्लंघनाचा दावा फक्त नोंदणी झालेल्या ट्रेडमार्कसाठी करता येतो. नोंदणी १० वर्षं चालते, मग नूतनीकरण करायचं. नोंदणी नसेल तर ‘पासिंग ऑफ’चा दावा उरतो. त्यात बाजारातली तुमची ओळख, ग्राहकांची दिशाभूल आणि नुकसान, तिन्ही दाखवावं लागतं. म्हणून जुनी बिलं आणि जाहिराती जपून ठेवा.

२) ग्राहकाचा गोंधळ होऊ शकतो
कुणी खरोखर फसलंच पाहिजे असं नाही, तशी शक्यता पुरते. नाव हुबेहूब तेच आणि मालही तोच असेल, तर कोर्ट गोंधळ गृहीतच धरतं. थोडा फरक असेल तर सामान्य ग्राहकाच्या नजरेनं बघितलं जातं. तो दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून तपासत नाही, त्याला नाव अर्धवट आठवत असतं. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या नोंदणीच्या वादात सुप्रीम कोर्टानं १९६२ साली हीच कसोटी लावली आणि नावं फसवी ठरण्याइतकी सारखी मानली.

३) पुरावा पक्का आहे
आधी पुरावा, मग तक्रार. नाहीतर समोरचा पेज डिलीट करून मोकळा होतो. स्क्रीनशॉटमध्ये लिंक आणि तारीख दिसू द्या. मूळ फाइल ठेवा, कारण कोर्टात तिच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. एक ऑर्डर देऊन पार्सल, बिल आणि पाकीटही जपा.

४) तुम्ही गप्प बसला नव्हता
‘लक्ष्मणधारा’ बाजारात आहे हे माहीत असूनही ‘अमृतधारा’वाले अनेक वर्षं गप्प राहिले होते. त्यामुळे नावं सारखी ठरूनही ‘लक्ष्मणधारा’ला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. आजच्या कायद्यातही, समोरच्यानं नाव प्रामाणिकपणे नोंदवलेलं असेल आणि तुम्ही जाणूनबुजून सलग ५ वर्षं ते चालू दिलंत, तर पुढे हरकत घेणं कठीण होतं.

दावा तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा पातळीच्या कोर्टात करता येतो. तेव्हा नक्कल दिसली की पुरावा गोळा करा आणि लगेच वकिलाला भेटा.