पोलादाला पाणी पाजताना

धार टिकावी म्हणून लोहार पोलादाला ‘पाणी पाजतो’. हौसेखातर आम्ही ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची स्वयंपाकाची सुरी घडवली, आणि हा शब्द शब्दशः घेतला. लालभडक पाते पाण्यात बुडवताच तडकले. एकाएकी थंड होण्याचा ताण त्याला सोसला नाही. दुसरे सावकाश निववणाऱ्या तेलात बुडवले, ते टिकले.

तेव्हा मायकेल फॅरडे आठवले. हेही लोहाराचेच पुत्र. मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी हिंदी पोलादाचे, म्हणजे ‘वुट्झ’चे, नमुने अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनला धाडले होते. सुऱ्या करणारे जेम्स स्टोडार्ट त्या पोलादाचे चाहते झाले. १८१९ साली फॅरडे यांनी वुट्झचे पृथक्करण केले आणि त्याचे गुण ॲल्युमिनियम व सिलिकॉनच्या अंशामुळे येतात असे मानले. ते चुकले, खरे कारण सुमारे दीड टक्का कार्बन. पण त्याच शोधात या दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहिले, १८२० व १८२२ साली निष्कर्ष छापले. मिश्र पोलादांच्या पद्धतशीर अभ्यासातले हे पहिले पाऊल.

तडकलेले पाते आम्ही जपून ठेवले आहे. वर्गात शिकवायला चांगल्या सुरीपेक्षा तेच अधिक उपयोगी पडते.