ऑनलाइन विक्री आणि अवाजवी परतपाठवणी : विक्रेत्याने काय करावे?

नंदिनी नगर (भिलाई, छत्तीसगड) : भिलाई पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या खाणींमुळे ओळखल्या जाणाऱ्या नंदिनी नगरसारख्या लहान वसाहतीतूनही आज देशभर माल विकता येतो. १९५६ पर्यंत हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या राज्याचा भाग होता. त्यामुळे महाराष्ट्राशी त्याचा संबंध जुनाच आहे.

समजा, येथील एका गृहिणीने छत्तीसगडची कोसा रेशमाची साडी ऑनलाइन बाजारपेठेमार्फत पुण्याच्या ग्राहकाला विकली. काही दिवसांनी 'वर्णनाप्रमाणे नाही' असे कारण नोंदवून साडी परत आली. मात्र तिला फॉल लावलेला होता, लेबल काढलेले होते आणि पदरावर डाग होता. दोन्ही वेळचे वाहतूक शुल्क, विक्रीयोग्य न उरलेली साडी आणि अडकलेली रक्कम असा तिहेरी भार लहान विक्रेत्यावर पडतो. अशा वेळी कायदा कोणाच्या बाजूने उभा राहतो, हे बहुतांशी माल पाठविण्यापूर्वीच्या तयारीवर ठरते.

वाजवी आणि अवाजवी यांतील सीमारेषा

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये केंद्र सरकारने २३ जुलै २०२० रोजी ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अधिसूचित केले. त्यांतील नियम ६ विक्रेत्याची कर्तव्ये सांगतो. माल सदोष वा बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेले गुणधर्म त्यात नसतील किंवा तो ठरलेल्या वेळेनंतर पोहोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास अथवा रक्कम परत करण्यास नकार देता येत नाही. दैवी आपत्तीसारख्या अपरिहार्य कारणाने झालेला विलंब याला अपवाद आहे.

मन बदलणे, अन्यत्र स्वस्त मिळणे किंवा समारंभात वापरून झाल्यावर नको वाटणे ही कारणे या नियमात नाहीत. मात्र बाजारपेठेच्या परती-धोरणात 'पसंत नाही' हे कारण मान्य असेल आणि विक्रेत्याने ते धोरण स्वीकारले असेल, तर ते त्याच्यावर बंधनकारक ठरते. म्हणून आपल्या मालाच्या वर्गवारीसाठी परतीची मुदत किती आणि परतीच्या वाहतुकीचा खर्च कोणाचा, हे विक्री सुरू करण्यापूर्वीच वाचावे. परती, बदली व परतावा यांच्या अटी आणि परतीच्या वाहतुकीचा खर्च स्पष्टपणे कळविणे हेही विक्रेत्याचे कर्तव्य आहे.

पाठविण्यापूर्वी

'वर्णनाप्रमाणे नाही' या तक्रारीला पहिले उत्तर म्हणजे अचूक वर्णन. हातमागाच्या कोशात सुताची जाडी व रंगछटा किंचित कमी-अधिक असते. हे विक्रीपानावर लिहिले नसेल, तर ग्राहकाला तो दोष वाटू शकतो आणि त्याची तक्रार वाजवी ठरू शकते. लांबी, ब्लाउजपीस आहे की नाही, धुण्याची पद्धत आणि दिवसाच्या उजेडातील छायाचित्रे द्यावीत. माल बांधताना तो, त्यावरील खूण आणि पार्सलवरील क्रमांक एकाच सलग चित्रफितीत टिपावा. वजनाची नोंद व कुरिअरची पावती जपावी.

विनंती आल्यानंतर

पहिले पाऊल म्हणजे नेमका दोष विचारणे आणि छायाचित्र मागविणे. उत्तर सभ्य, थोडक्यात आणि बाजारपेठेच्या संदेशव्यवस्थेतूनच द्यावे. फोनवरील बोलण्याचा पुरावा सहसा उरत नाही. नियमांनुसार विक्रेत्याने तक्रार निवारण अधिकारी नेमून तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावयाची आणि एका महिन्यात निवारण करावयाचे असते. ग्राहक बनून स्वतःच्या मालाची खोटी प्रशंसा लिहिण्यास नियमांत मनाई आहे. ग्राहकाला धमकावणे किंवा त्याचा पत्ता समाजमाध्यमांवर जाहीर करणे या गोष्टी विक्रेत्याचीच बाजू दुबळी करतात.

परत आलेले पार्सल न थांबवलेल्या चित्रफितीसमोर उघडावे. वापराची खूण, बदललेली वस्तू किंवा वजनातील फरक आढळल्यास बाजारपेठेकडे भरपाईचा दावा ठरलेल्या मुदतीतच दाखल करावा. मुदत उलटल्यावर भक्कम पुरावाही निरुपयोगी ठरू शकतो. साडीऐवजी जुने कापड निघाले, तरी थेट ग्राहकावर आरोप करू नये; अदलाबदल वाटेतही झालेली असू शकते. फसवणुकीचा स्पष्ट पुरावा असल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ अन्वये पोलिसांकडे तक्रार करता येते.

आयोगाची नोटीस आल्यास

परत घेण्यास नकार दिल्यावर ग्राहक जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो, आणि २०१९ च्या कायद्यानुसार तो स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करू शकतो. म्हणजे नंदिनी नगरच्या विक्रेत्याला दुर्गऐवजी पुण्याच्या आयोगापुढे उत्तर द्यावे लागू शकते. उत्तरासाठी ३० दिवस मिळतात आणि ती मुदत जास्तीत जास्त १५ दिवसांनी वाढते. ४५ दिवसांपलीकडे ती वाढविता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये त्याआधीच्या कायद्यातील तशाच तरतुदीबाबत दिला आहे. त्यामुळे नोटिशीकडे दुर्लक्ष करणे सर्वांत महाग पडते. दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणीसाठी अर्ज करण्याची सोय कायद्यात आहे.

हिशेबाची बाजू

परत घेतलेल्या मालाबाबत जीएसटी नोंदणीकृत विक्रेत्याने क्रेडिट नोट काढावी. संबंधित आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, ती विवरणपत्रात दाखवावी लागते. अन्यथा न झालेल्या विक्रीवरील कराचा भार अंगावर राहतो. बाजारपेठ विक्रेत्याच्या रकमेतून जो कर कापून घेते, तो परती वजा जाता उरलेल्या विक्रीवर मोजला जातो; तो आकडा दरमहा पडताळून पाहावा.

प्रत्येक परत ही फसवणूक नसते. एकाच वस्तूबाबत एकच कारण पुनःपुन्हा येत असेल, तर दोष बहुधा वर्णनात किंवा बांधणीत असतो, आणि तो दुरुस्त करणे वाद जिंकण्यापेक्षा स्वस्त पडते. कारण मात्र खोटे असेल, तर तारखांसह जपलेली नोंद हाच लहान विक्रेत्याचा खरा आधार असतो.