ओपन सोर्स सॉफ्टवेअर ‘तयार झालं’ हे ठरवतात कसं?

केडगावात माझ्या चुलतभावाचं किराणा दुकान आहे. उधारीची वही फोनवर आणू म्हणून मी त्याला एक ओपन सोर्स अ‍ॅप टाकून दिलं, आणि नवीन दिसतंय म्हणून बीटा आवृत्तीच घेतली. पुढच्या अपडेटला आठवड्याची उधारी गायब! दादा काही बोलला नाही, कपाटातली वही परत काढली. चूक माझीच. ‘बीटा’ हा शब्द समोर होता, मी वाचला नव्हता.

तर आधी हे शब्द. अल्फा म्हणजे काम अजून अर्धवट. बीटा म्हणजे सोयी जवळपास सगळ्या आल्या, आता चुका शोधायच्या. आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट: मोठी चूक निघाली नाही तर हीच अंतिम. त्यानंतर स्टेबल.

आता गैरसमज असा, की स्टेबल म्हणजे एकही बग नाही. तसं कधीच नसतं. डेबियनसारख्या मोठ्या लिनक्स प्रणालीत स्टेबल जाहीर होतानाही हजारो बग उघडे असतात. खरा प्रश्न वेगळा आहे: या बगसाठी रिलीज थांबवायचं का?

फेडोरा या लिनक्स प्रणालीत याचे निकष आधीच लिहून ठेवलेले असतात. ते मोडणाऱ्या बगला ‘ब्लॉकर’ म्हणतात आणि शेवटी ‘गो की नो-गो’ अशी बैठक होते. फेडोरा ३७ ऑक्टोबर २०२२ मध्ये यायची होती. तेवढ्यात ओपनएसएसएलवाल्यांनी जाहीर केलं, की १ नोव्हेंबरला एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती येतेय. तपशील गुप्त होता, तरी फेडोरानं थांबायचं ठरवलं. शेवटी ती १५ नोव्हेंबरला आली. गंमत म्हणजे तपशील बाहेर आला तेव्हा त्रुटीची पातळी एक पायरी खाली आणली गेली होती. तरी माझ्या मते थांबणं बरोबरच होतं.

डेबियनचा खाक्या अजून वेगळा: तारीख नाही, तयार झालं की देऊ. ३.० आवृत्ती जुलै २००२ ला आली आणि ३.१ थेट जून २००५ ला! लोक वैतागले होते. आता साधारण दोन वर्षांनी आवृत्ती येते. आधी ‘फ्रीझ’ होतो, म्हणजे नवीन भर बंद, फक्त दुरुस्त्या.

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात असलेला लिनक्स कर्नल मात्र एसटीसारखा वेळेवर सुटतो. दोन आठवडे नवा कोड घेतात, मग दर आठवड्याला एक आरसी, बहुतेक सातव्या किंवा आठव्या आरसीनंतर रिलीज. कुणाचं काम राहिलं? पुढच्या गाडीनं या.

यात आपल्या मराठीचा संबंध कुठं येतो? ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. फॉन्टला हा आडवा अर्धा र जमला नाही तर अर्थच बदलतो. मराठी ल आणि श यांची वळणंही हिंदीपेक्षा वेगळी. लोहित देवनागरी या खुल्या फॉन्टवर रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी काम केलंय, पण प्रत्येक अ‍ॅपमागं मराठी वाचणारा माणूस नसतो. अशी चूक बीटात कुणी कळवली नाही तर ती ब्लॉकरच्या यादीत जाणार कशी? फ्रीझनंतर तर बटणांवरचे शब्दही सहसा बदलत नाहीत, कारण भाषांतर करणाऱ्यांना वेळ द्यायचा असतो.

अ‍ॅप घेताना गिटहबवर त्याचं रिलीजचं पान उघडा. ‘प्री-रिलीज’ अशी खूण आहे का बघा. मग उघड्या तक्रारींत ‘डेटा गेला’, ‘बॅकअप उघडत नाही’ असं काही आहे का ते शोधा. रंग-बटणांच्या तक्रारी सोडून द्या. आवृत्ती ०.९ असली म्हणून लगेच घाबरू नका, काही चांगले प्रकल्प वर्षानुवर्षं १.० म्हणतच नाहीत. अपडेटआधी डेटा एक्सपोर्ट करा, आणि ती फाइल उघडते का तेही तपासा.

दादाच्या फोनवर आता फक्त स्टेबल. बीटा माझ्या जुन्या फोनवर असते, आणि तिथं मी पहिला शब्द टाइप करतो तो ‘दऱ्या’.